शेवटची अकरा पानं

धुरामुळे दुपारी चारलाच दिवे लावलेले.
हॉकीच्या मैदानातला बर्फ वसंतातच काढलेला,
काँक्रीटवर आता तीनशे खाटा,
आणि दाराशी एक बाई, क्लिपबोर्ड घेऊन,
उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक बसला नावं विचारणारी.

मी वाचनालयाची गाडी मागच्या दाराला लावली.
मॅनिटोबाच्या सपाट रस्त्यांवर एकोणीस वर्षं चालवतेय ती,
कुणाला काय हवं ते चेहऱ्यावरून कळतं, असा माझा समज.
म्हणून मार्सेलीनच्या हातात मी काहीतरी विनोदी ठेवलं.
पंधराची असेल. हातात भावाचा एक बूट,
इलाय कुठेतरी खाटांखाली.
तिने ते परत ठेवलं आणि खालच्या फळीवरून
एक जाडजूड, पाठ सुटलेलं ओढलं:
काचेच्या घुमटाखालचं शहर,
सोळाव्या वाढदिवशी मनगटावर आकडा,
रोज पहाटे भोंगा.

अगं, इथे एवढं जळतंय, आणि तुला हे?
"इथे दोष कुणाचा तेच कळत नाही," ती म्हणाली.
"त्यात निदान नियम भिंतीवर लिहिलेले असतात."

दोन दिवसांनी आली ती तणतणतच.
शेवटची अकरा पानं नव्हती.
कुणी फाडली? मला काय ठाऊक.
एवढ्या हातांतून गेलेलं पुस्तक,
लागली असतील कुणाच्या शेकोटीला.

मग गाडीच्या पायरीवर पंचायत बसली.
टोबायसला घुमट फुटायला हवा होता,
मोठ्ठा आवाज, काचांचा सडा, अध्यक्ष खाली.
"आणि दुसऱ्या दिवशी नळाला पाणी कोण सोडणार?"
मार्सेलीनने विचारलं. तो बूट खरडत राहिला.

तिला घाई नव्हती.
तिला ते पान हवं होतं जिथे नायिका
पहारेकऱ्याचा मुखवटा ओढते
आणि आत शेजारचा मुलगा निघतो,
ज्याने तिला सायकल शिकवली होती,
आणि तो तरीही बाजूला होत नाही.
"लगेच झाला तर मी पुस्तक फेकून देईन."
आणि नायिकेची निवड कुठल्या भविष्यवाणीने झालेली नको.
ती फक्त एक दिवस भिंतीपलीकडे झोपून गेलेली असावी,
जिथे भोंगा पोचत नाही,
आणि जाग आल्यावर तिला ऐकू आलं असावं
भोंग्याशिवाय सकाळ कशी वाजते.

मी म्हटलं, मग शेवट गोड?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच तिच्या मनगटावर आकडा टोचायला आलेय.
"गोड नको. हिशेब लागला पाहिजे."

शनिवारी वारा फिरला. रस्ता उघडला.
बस सुरू झाल्यावर तिने पुस्तक खिडकीतून दिलं.

मागच्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीने:
घुमटाचं दार उघडलं. एवढं एकच वाक्य.
पुढे नुसती नावं,
बाहेर पडलेल्यांची, आकडे खोडून,
एकाखाली एक.
टोबायस. इलाय (दोन्ही बूट घालून).
क्लिपबोर्डवाली बाई, जिचं नाव
मी आठ दिवसांत विचारलं नव्हतं.
बिस्किट नावाचं कुत्रं.
पहारेकरी, जरा अंतर ठेवून.
माझंही होतं, एक अक्षर चुकलेलं.
सगळ्यांत खाली ऑर्विल,
तिचे आजोबा, पंप आणि होडी घेऊन मागे राहिलेले.
बाकी सगळ्यांपुढे बरोबरची खूण.
त्यांच्यापुढे खूण नव्हती, फुलीही नव्हती.
पेन्सिल तिथे बराच वेळ टेकलेली असावी,
कागद दबला होता.

नियमाप्रमाणे असं पुस्तक बाद करायचं.
मी पाठीला चिकटपट्टी लावून ते फळीवर ठेवलं.

ऑगस्टमध्ये दुसऱ्याच गावचा एक मुलगा
ते उलटसुलट करून विचारतो,
शेवट चांगला आहे का?

पेन्सिलीत आहे, मी म्हणते.
ओला हात लावू नकोस.